कपॅसिटर चालू व्होल्टेजवर तपासा
‘मीटरवर व्हॅल्यू बरोबर येते, म्हणजे कपॅसिटर ठीक’ असं कुणी म्हणत असेल, तर ते व्हॉल्व्ह ॲम्पला (काचेच्या नळ्यांच्या ॲम्प्लिफायरला) पुरत नाही. मीटर दोन-चार व्होल्टवर तपासतो. कपलिंग कपॅसिटर, म्हणजे डीसी अडवून फक्त सिग्नल पुढच्या व्हॉल्व्हला देणारा, १००-२०० व्होल्टवर राबतो आणि लीकेज (त्यातून डीसी झिरपणं) तिथेच दिसतं. ग्रिडकडचा (पुढच्या व्हॉल्व्हच्या सिग्नल घेणाऱ्या टोकाकडचा) पाय सोडवा, ॲम्प चालू करून त्या मोकळ्या पायावर डीसी मोजा. आकडा क्षणभर उसळून शून्याजवळ यायला हवा. एक-दोन व्होल्ट टिकून राहिले तर बदलाच.

आपल्या सोलापूरच्या चाळिशीपारच्या उन्हाळ्यात बंद कॅबिनेटमधले इलेक्ट्रोलिटिक (आत ओलं रसायन असलेले कपॅसिटर) लवकर सुकतात. व्हॅल्यू जेमतेम भरते, पण ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) चढलेला असतो. तिथे ईएसआर मीटरच हवा.

आणि दादा, स्विच बंद केल्यावरही पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट उरू शकतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. जास्त वॉटेजच्या रेझिस्टरने चार्ज उतरवा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला.