होमोसिस्टीन २८ आलंय, हृदयाचं काय?

कोथरूडकर६१: जन्मापासून शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. रक्तातलं होमोसिस्टीन (एक अमिनो आम्ल) २८, रिपोर्टवर मर्यादा १५. सूनबाई म्हणतात पालक खा. रोज तोच तर गिळतोय! अटॅकची भीती धरायची का?

लॅबवाली: काका, पालकातून फोलेट मिळतं, बी-१२ नाही. होमोसिस्टीनचं पुन्हा मेथिओनिन (शरीराला लागणारं अमिनो आम्ल) व्हायला दोन्ही लागतात. एक नसलं की ते रक्तात साठतं. त्यात मेटफॉर्मिनने बी-१२ कमी शोषलं जातं. आधी बी-१२ तपासा. नुसतं फोलिक ॲसिड मनाने सुरू करू नका. बी-१२ कमी असेल तर त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, नसांची (मज्जातंतूंची) हानी मात्र चालूच राहते. (पुण्यातल्या शाकाहाऱ्यांत हे इतकं दिसतं की नवल वाटत नाही.)

जुना_सभासद: अमेरिकी डॉक्टर मॅककलींनी १९६९ मध्ये होमोसिस्टीनचा रक्तवाहिन्यांच्या आजाराशी संबंध जोडला. पण २००६ च्या नॉर्विट आणि होप-२ या रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत बी-जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी आकडा उतरला, हार्ट अटॅक काही घटले नाहीत. म्हणून बी-१२ भरून काढा ते नसांसाठी, रक्तासाठी. हृदयासाठी साखर, बीपी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बघा.

कोथरूडकर६१: मग ताक वाढवलं तर?

लॅबवाली: प्या की, पण शोषणातच घोळ असेल तर ताकावर भागायचं नाही. गोळी की इंजेक्शन, ते डॉक्टरांना ठरवू द्या.