जुन्या दफनभूमीतल्या रिसीव्हिंग व्हॉल्टचा कारभार कसा चालायचा?

छत्रीबागकर:
नमस्कार मंडळी. १९व्या शतकातल्या अमेरिकेतल्या दफनभूम्यांबद्दल वाचत होतो, त्यात रिसीव्हिंग व्हॉल्ट नावाचा प्रकार कळला. थंडीत जमीन गोठली की कुदळ चालत नाही म्हणून शवपेट्या एका दगडी खोलीत ठेवायच्या आणि बर्फ वितळला की पुरायच्या. इथपर्यंत समजलं, पण पुढचं कुठे नीट सापडत नाही. आत एवढ्या पेट्या, मग कुठली कोणाची, किती दिवस ठेवायची, न्यायला कुणी आलंच नाही तर काय करायचे?
विचारतोय कारण इथे इंदूरला आमच्याकडच्या मुक्तिधामात अस्थींच्या लॉकरचं रजिस्टर मी सेवा म्हणून बघतो. सावडून झालं की लोक कलश ठेवतात, मुलगा बाहेरगावाहून आला की नर्मदेवर ओंकारेश्वरला नाहीतर खेडीघाटला नेऊ म्हणतात, आणि त्यातले काही कलश तसेच राहून जातात. लाल फडक्याला बांधलेल्या चिठ्ठीवरचं नाव दमट हवेने पसरतं, फोन लावला तर नंबर बंद. जीव तुटतो हो ते बघून.

रामबागवाली:
छान विषय काढलात दादा. नुसती थंडी हे कारण नव्हतं. कुणाची जागा घेऊन झालेली नसायची, कुणाच्या घराण्याची कबर अजून बांधून व्हायची असायची, कुणाला रेल्वेने दुसऱ्या गावी न्यायचं असायचं, अशा सगळ्यांसाठी ती सोय. बहुतेक ठिकाणी टेकडीच्या पोटात बांधलेली खोली, दोन्ही बाजूंना फळ्या किंवा कप्पे, लोखंडी दार, वर हवा जायला झरोका. किल्ली दफनभूमीच्या सुपरिंटेंडेंटकडे. आणि खरं काम रजिस्टरचंच! नाव, वय, मृत्यूचं कारण, आत ठेवल्याची तारीख, बाहेर काढल्याची तारीख, कुठे नेलं, सगळं लिहायचं. बऱ्याच ठिकाणी नियम असा की भाडं आणि पुरण्याचा खर्च आधीच जमा करा, मुदत संपली आणि घरचे आले नाहीत तर त्याच पैशातून सुपरिंटेंडेंट साध्या कबरीत पुरून मोकळा होणार. उन्हाळ्यात मुदत कमी, आणि देवी किंवा कॉलऱ्याने गेलेल्यांना एकतर घ्यायचेच नाहीत नाहीतर सीलबंद धातूच्या पेटीतच घ्यायचे. तशा लोखंडी पेटीचं पेटंट फिस्क नावाच्या माणसाने १८४८ मध्ये घेतलं होतं.
मला तरी ती आधी पैसे घेण्याची रीत फार शहाणपणाची वाटते, कारण माणूस दुःखात असतो तेव्हा सगळ्याला हो म्हणतो आणि नंतर संसारात अडकतो.

कंपूचा_मास्तर:
यात चोरीची भीतीही धरा. मेडिकल कॉलेजांना चिरफाडीसाठी प्रेतं हवी असायची आणि ताजी कबर रात्रीतून उकरली जायची. स्कॉटलंडमध्ये उडनी गावात १८३२ साली यासाठी एक गोल दगडी घर बांधलं, ते अजून उभं आहे. बाहेर खिळे ठोकलेलं ओकचं दार, आत दुसरं लोखंडी दार, आणि मधे फिरणारा लाकडी पाट ज्यावर ७ पेट्या मावायच्या. नवीन पेटी आली की पाट थोडा फिरवायचा, जुन्या पुढे सरकायच्या, आणि पेटी फिरून परत दाराशी येईपर्यंत प्रेत चोराच्या कामाचं राहिलेलं नसायचं, मग निर्धास्त पुरायचं. म्हणजे कोणाची पाळी आली हे त्या पाटावरूनच समजायचं, मला तर ही युक्ती रजिस्टरपेक्षा भारी वाटते. त्याच वर्षी अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट आला, कॉलेजांना कायद्याने प्रेतं मिळायला लागली आणि त्या घराची गरजच फारशी उरली नाही.

नर्मदे_हर:
तात्पुरतं म्हणता म्हणता लांबणं मोठ्यांनाही चुकलेलं नाही. लिंकनला मे १८६५ मध्ये स्प्रिंगफील्डच्या ओक रिज दफनभूमीत रिसीव्हिंग व्हॉल्टमध्ये ठेवलं, डिसेंबरात दुसऱ्या तात्पुरत्या जागेत हलवलं आणि स्मारकात नेलं ते १८७१ मध्ये, तेही स्मारक अर्धवट असताना. अमेरिकेचे अध्यक्ष राहिलेले जनरल ग्रँट तर १८८५ ते १८९७ न्यूयॉर्कमध्ये विटांच्या तात्पुरत्या कबरीतच होते. आणि लांब कशाला, आपल्या बऱ्हाणपूरला मुमताज गेली जून १६३१ मध्ये, तापीपलीकडे बागेत पुरलं आणि डिसेंबरात आग्र्याला नेलं. बादशहा होता म्हणून सहा महिन्यांत हललं तरी.

छत्रीबागकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. रामबागवाली ताई, बाहेर काढल्याची तारीख आणि कुठे नेलं हे रकाने आमच्या रजिस्टरमध्ये नाहीतच, ते टाकतो. पण डिपॉझिट मागायला जीभ रेटत नाही, समोर माणूस मुंडण करून उभा असतो.

रामबागवाली:
मग पैसे नका घेऊ, पण मुदत लिहून त्याखाली सही घ्या. एकाच्या जागी दोघांचे नंबर घ्या, त्यातला एक दुसऱ्या घरातला, म्हणजे जावई, मेहुणा, शेजारी कुणीही. मुदत संपायच्या आठवडाभर आधी दोघांना फोन. तरी नाही आले तर समितीने आधी ठराव करून ठेवावा की अमुक अमावस्येला राहिलेले सगळे कलश एकत्र नर्मदेला न्यायचे, नाव घेऊन, गुरुजींना बरोबर घेऊन. आणि चिठ्ठी बंद करा, कलशाला पत्र्याचा नंबर लावा आणि तोच नंबर रजिस्टरमध्ये लिहा.

कंपूचा_मास्तर:
पत्र्याचे बिल्ले मी करून देतो, किती लागतील तेवढं कळवा.