सांदण दरी : नऊ जणांचा गट, दोन मुलं, जानेवारी. किती आत जावं?

मेघना_ठाणे

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सांदण दरीचा बेत आहे. नऊ जण. त्यातले दोघं पंचावन्नच्या पुढचे, दोन मुलं अकरा-बारा वर्षांची. कळसूबाई आणि रतनगड सगळ्यांनी चढलेत, पण दोरावर कुणीच उतरलेलं नाही आणि चौघांना पोहता येत नाही. ठाण्याहून आपल्याच गाड्यांनी येणार.

दरीत पाणी किती असेल? कुठपर्यंत गेलं तर दरी नीट पाहून झाली म्हणायची? दोराने उतरायचे तिन्ही टप्पे उतरून खाली जाणं अशा गटाला झेपेल का? आणि पहाटे निघून त्याच रात्री परत, हे जमेल का?

सह्यवारा

मेघनाताई, आधी एक ठरवा: दरी बघायची आहे की दरी उतरायची आहे. दोन्हीला लोक "सांदण केली" असंच म्हणतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

बघायची असेल तर अकोले तालुक्यातल्या साम्रद गावातून वीसेक मिनिटं चालून दरीच्या तोंडाशी यायचं, दोन पाणकुंडं ओलांडायची, धोंड्यांवरून खालीवर करत पहिल्या रॅपलच्या, म्हणजे दोरावरून उतरायच्या पहिल्या कड्याच्या, माथ्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत फिरायचं. जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच. खाणं-थांबणं धरून पाच तास मोकळे ठेवा. दरीचं खरं देखणेपण याच भागात आहे. दोन्हीकडे शे-दोनशे फुटांच्या उभ्या कातळभिंती, काही जागी दोन माणसं शेजारी-शेजारी जेमतेम मावतील एवढंच अंतर, आणि तळाला ऊन लागतं ते मध्यान्हीच्या आसपास थोडा वेळ. इथून परत फिरलात तर काही राहिलं असं वाटून घेऊ नका.

उतरायची असेल तर पहिला टप्पा साधारण ४५ फुटांचा, पुढचे दोन त्याहून छोटे. मग घरांएवढाल्या धोंड्यांतून तळ गाठायचा आणि जंगलातून शहापूर तालुक्यातल्या डेहण्याला निघायचं. साम्रद ते डेहणे आठ ते दहा तास धरा, तेही गट लहान असेल तर. पुन्हा साम्रदलाच यायचं असेल तर करोली घाट चढावा लागतो. दिवसाच्या शेवटी, दमल्या पायांनी, आणखी अडीच-तीन तास. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिला टप्पा उतरून दोर खाली ओढून घेतला की मागची वाट संपली. नंतर कुणाचा गुडघा धरला किंवा कुणी घाबरलं, तरी पुढेच जावं लागतं.

तुमच्या गटाचं गणित करून बघा. पहिल्यांदा दोरावर येणाऱ्या माणसाला हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) तपासण्यापासून खाली सुटेपर्यंत आठ-दहा मिनिटं लागतात. नऊ जणांना पहिल्याच टप्प्यावर दीड तास. त्यात शनिवार-रविवारी पुढे एखादा तीस-चाळीस जणांचा गट असला तर त्यांचं होईपर्यंत भिंतीच्या सावलीत, ओल्या कपड्यांत बसून राहायचं. जानेवारीत त्या सावलीत थंडी चांगलीच लागते. दुपारचे दोन तिथेच वाजतात आणि सहा-सव्वासहाला दिवस मावळतो. खालच्या धोंड्यांत अंधार गाठला की पाय मुरगळणं जवळजवळ ठरलेलं. म्हणून माझं स्पष्ट मत: नऊच्या नऊ जणांनी पहिल्या दोराच्या माथ्यापर्यंत जावं आणि परत यावं.

पाण्याचं सांगतो. पाऊस किती लांबला त्यावर पातळी ठरते, पण जानेवारीत पहिल्या कुंडात गुडघा ते मांडी, दुसऱ्यात कंबर ते छाती असं मोठ्या माणसाच्या मापाने धरा. मुलांना दुसऱ्या कुंडात गळ्यापर्यंत येऊ शकतं. त्यांच्यासाठी लाइफ जॅकेट घेऊन या, साधी हवेची ट्यूब नको, ती कातळाच्या धारेवर फाटते. पोहता न येणाऱ्यांना अडचण नाही, तळ पायाला लागतो. मात्र पुढे-मागे एकेक उंच माणूस ठेवा आणि भिंतीला हात लावून सरकत जा. बूट काढायचे नाहीत. पाण्याखालचे दगड दिसत नाहीत, अनवाणी गेलं की बोटं ठेचतात नाहीतर तळवा कापतो. सुके मोजे आणि एक टी-शर्ट दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत वेगवेगळी गाठ मारून सॅकमध्ये ठेवा. सॅक डोक्यावर धरून चालण्यापेक्षा हातोहात पुढे द्या. डोक्यावर ओझं घेतलं की तोल जातो आणि नेमके मोबाईलच पाण्यात पडतात.

त्याच दिवशी ठाण्याहून येऊन परत जाणं जमतं, पण करू नये. कसारा, इगतपुरी करत घोटीला महामार्ग सोडायचा, बारीवरून शेंडी, पुढे भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत साम्रद. शेंडीनंतरचा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. आदल्या रात्री गावात मुक्काम करून सकाळी सातला दरीत शिरलात तर गर्दीच्या पुढे राहाल.

कातळधार

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दोराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढेमागे तुमच्यातल्या कुणाला पूर्ण उतरायचं असेल तर नेणाऱ्याला काय विचारायचं ते माहीत हवं.

दोर स्टॅटिक (फारसा न ताणणारा) हवा, १० ते ११ मिलिमीटर जाडीचा. ४५ फूट म्हणजे जवळपास १४ मीटर. दोर खालून ओढून घ्यायचा म्हणजे तो दुहेरी सोडावा लागतो, म्हणजे २८ मीटर. अँकरपासून (दोर अडकवायच्या जागेपासून) कड्याच्या काठापर्यंतचं अंतर आणि टोकांच्या गाठी धरल्या तर ३० मीटरचा दोर तोकडा पडतो, ४० मीटरचा हवा. शिवाय प्रत्येक माणसासाठी वरून बिलेचा, म्हणजे वरच्याने सुरक्षेसाठी धरलेला, वेगळा दोर. नवख्या माणसाला एकाच दोरावर सोडणारा गट असेल तर तिथूनच नकार द्या.

टप्प्याच्या माथ्यावर बोल्ट ठोकलेले आहेत. पण चार महिने धबधब्याखाली राहणारं लोखंड डोळे मिटून वापरायचं नसतं. बोल्ट हलतो का, गंज वरवरचा आहे की खोल गेलाय, भोवतालचा कातळ फुटलाय का, हे बघून किमान दोन स्वतंत्र बोल्टवर भार वाटून घ्यायचा. दोर स्लिंगमधून (बोल्टला अडकवलेल्या नायलॉनच्या पट्टीतून) थेट ओवून खाली ओढायचा नाही. नायलॉनवर नायलॉन घासलं की उष्णतेने स्लिंग वितळते. मध्ये स्टीलची कडी हवी. शेवटचा माणूस उतरण्याआधी खालच्याने दोर दोन-तीन फूट ओढून बघायचा. दोर फटीत अडकत असेल तर तो सोडवायला वर कुणीतरी असतं तेव्हाच कळलेलं बरं. काठावर दोराखाली जाड कापड किंवा जुनी सॅक घालायची. कुंडातून भिजून आलेल्या दोरात वाळू शिरते आणि ती आतून दोर कापत राहते.

नवखे लोक चुकतात ते काठावरच्या पहिल्या दोन पावलांत. खोल दिसलं की शरीर भिंतीकडे ओढलं जातं, पाय सरळ खाली घसरतात आणि गुडघे आपटतात. पाय खांद्याएवढे फाकवून, कंबर मागे सोडून, खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, तळवे पूर्ण भिंतीला. ब्रेकचा (खालचा दोर धरणारा) हात कमरेशी, तो काहीही झालं तरी सोडायचा नाही. केस बांधून हेल्मेटखाली, ओढणी आणि जॅकेटच्या लोंबत्या दोऱ्या आत. फिगर ऑफ एटमध्ये (दोर ओवायच्या इंग्रजी आठच्या आकाराच्या कडीत) केस अडकले तर माणूस मधोमध लटकतो आणि ते सोडवायला दुसऱ्या कुशल माणसाला दोरावर यावं लागतं. खाली उभा असलेला माणूस दोर खेचून वरच्याला जागीच थांबवू शकतो, म्हणून ती जागा जाणत्यालाच द्यायची, फोटो काढणाऱ्याला नाही.

अकरा-बारा वर्षांची मुलं रॅपल करू शकतात. अडचण हार्नेसची असते. मोठ्यांचा हार्नेस पूर्ण आवळूनही मुलाच्या कमरेवर सरकत असेल तर त्यावर सोडायचं नाही. चेस्ट हार्नेस किंवा लहान मापाचा हार्नेस आहे का, हे निघण्याआधी विचारा, साम्रदला पोहोचल्यावर नाही. नेणाऱ्या संस्थेची राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे नोंदणी आहे का, हेही विचारा.

रानवाट_अकोले

साम्रदचं थोडं. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ सालापासून. शेंडीच्या पुढे नाक्यावर माणशी आणि गाडीमागे प्रवेश शुल्क घेतात. पावती जपून ठेवा. सुटे पैसे आणि रोख रक्कम जवळ असू द्या, गावात मोबाईलला रेंज धड मिळत नाही, त्यामुळे ऑनलाइन पैसे देण्याच्या भरवशावर येऊ नका. पेट्रोलही घोटीलाच भरून घ्या.

जेवण-मुक्काम गावातल्या घरांत होतो. वस्ती महादेव कोळी समाजाची आहे. भाकरी, पिठलं, ठेचा, भात-आमटी. दोन दिवस आधी आकडा कळवला तर वेळेवर ताट मिळतं, रात्री नऊला नऊ माणसं दारात आली तर त्या घरची धावपळ होते. वाटाड्या गावातूनच घ्या. तोंडापासून पहिल्या दोरापर्यंत वाट चुकायला जागा नाही हे खरं, पण कुठल्या कुंडात यंदा किती पाणी आहे, कुठला धोंडा पावसाळ्यानंतर सैल झालाय, हे त्यालाच ठाऊक असतं.

हेल्मेट दोरासाठीच असतं असं समजू नका. दरीच्या काठावर वानरं फिरतात, त्यांच्या पायाखालून सुटलेला लिंबाएवढा दगडही दोनशे फुटांवरून आला तर डोकं फोडतो. तोंडाशी शिरतानाच घाला आणि बाहेर येईपर्यंत काढू नका. जेवायला भिंतीच्या अगदी पायथ्याशी, ताज्या फुटलेल्या दगडांच्या राशीवर बसू नका.

आग्या मोहोळं भिंतींवर असतात. सिगारेट, धूर, उग्र अत्तर, ओरडून प्रतिध्वनी काढणं, ड्रोन, सगळं टाळा. अरुंद दरीत माश्यांपासून पळायला जागा नाही.

मेघना_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. मग नऊही जण पहिल्या दोराच्या माथ्यापर्यंतच. दोन शंका. जानेवारीत अवकाळी पाऊस आला तर दरीत नक्की काय होतं? आणि आमच्यातले तिघं मार्चमध्ये एखाद्या गटाबरोबर पूर्ण उतरायचं म्हणतायत, गाडीचं काय करायचं?

सह्यवारा

पावसाचं नीट समजून घ्या, कारण तिथे चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. साम्रदचं पठार पाणलोटाच्या काठावर आहे. मागच्या अंगाला पडलेला पाऊस प्रवरेत जातो, तिथून गोदावरीला मिळून थेट बंगालच्या उपसागरात. पुढच्या अंगाचा पाऊस सांदण दरीतून कोकणात उतरतो. या बाजूला वर बेसॉल्टचा उघडा कातळ आणि पातळ माती, पाणी मुरायला जागाच नाही. जे पडेल ते काही मिनिटांत त्या चिंचोळ्या घळीत येतं. तुमच्या डोक्यावर आभाळाची एक चीर दिसत असते, त्यामुळे वर काय भरून आलंय ते आत कळतच नाही.

म्हणून निर्णय तोंडाशीच घ्यायचा. रतनगडाकडे काळं झालं असेल, आदल्या रात्री पाऊस झाला असेल, वाटाड्या नको म्हणाला, तर शिरायचं नाही. आत असताना कुंडाचं पाणी गढूळ व्हायला लागलं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या किंवा वरून सलग घुमणारा आवाज आला तर सामान जागेवर टाका आणि भिंतीतल्या सगळ्यात उंच टप्प्यावर किंवा अडकून पक्क्या बसलेल्या मोठ्या धोंड्यावर चढा. प्रवाहाच्या पुढे धावायचं नाही, पाणी माणसापेक्षा वेगाने येतं. जून ते सप्टेंबर दरीत उतरण्याचा विचारच नको. ऑक्टोबरात पाणी खूप आणि शेवाळ ताजं असतं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, तेव्हा त्या दिवसांत गेलात तर अकराच्या आत बाहेर या. मेअखेरीस काजव्यांसाठी भंडारदऱ्याला लोटणाऱ्या गर्दीत रस्त्यावरच तास जातात, तेही लक्षात असू द्या.

मार्चच्या तिघांसाठी: गाडी साम्रदला आणि माणसं डेहण्याला, हे होऊ देऊ नका. वरून तिथे पोहोचायला गाडीला शेंडी, घोटी, कसारा, शहापूर असा भलामोठा फेरा आहे. गाडी न आणता कसाऱ्याला रेल्वेने उतरा, तिथून जीप ठरवून साम्रदला या आणि शेवटी डेहण्याहून आसनगाव स्टेशनला जा. डेहण्याची जीप आधीच बोलून ठेवा, संध्याकाळनंतर तिथे वाहन मिळेल हे गृहीत धरू नका.

मार्चमध्ये कुंडं आटलेली असतात, चालणं सोपं होतं, पण तळाला पिण्यासारखं पाणी मिळेलच असं नाही. माणशी तीन लिटर साम्रदवरूनच भरून घ्या. रात्री दरीच्या तळाशी तंबू ठोकायचा बेत असेल तर वन विभागाची परवानगी आहे का ते त्या गटाला विचारा. परवानगी नसेल तर दुसरा गट शोधा. शेकोटी नाहीच. मार्चमधल्या वाळल्या गवताला ठिणगी पुरते.

कातळधार

एक राहिलं. दरीत फोन चालत नाही, म्हणून गावात ज्या घरी उतराल तिथे किती जण आत जाताय आणि किती वाजेपर्यंत परत याल हे सांगून जा. दुपारी दोनपर्यंत आला नाहीत तर त्यांनी काय करायचं तेही ठरवा. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राचा क्रमांक आणि ११२, दोन्ही त्या घरी कागदावर लिहून द्या. आत कुणाचा पाय मोडला तर त्याला पाणकुंडातून उचलून बाहेर काढायला सहा-आठ धडधाकट माणसं आणि बरेच तास लागतात, आणि ती माणसं सगळ्यात आधी येतात ती साम्रदमधूनच. एक क्रेप बँडेज, एक लांब दोरी आणि माणशी एक हेडटॉर्च, बेत दुपारचा असला तरी, सॅकमध्ये असू द्या.