मदत हवी आहे : पाचव्या अंकातील वादळ

कृष्णाकाठ : सांगलीतील आमच्या हौशी संघाचा प्रयोग तोंडावर आला असून पाचव्या अंकातील वादळ अजून जमलेले नाही. ध्वनिमुद्रित गडगडाट लावला की नायिकेचे संवाद बुडतात आणि आवाज उतरवला की वादळच उरत नाही. पार्श्वसंगीत कोणते घ्यावे, हेही कृपया लवकर सांगावे.

हरिपूरकर : नाटकाचे नाव आपण लिहिलेलेच नाही. वसंतसेना भर पावसात चारुदत्ताकडे निघते, तोच 'मृच्छकटिक'चा पाचवा अंक असावा. परंतु प्रयोग शूद्रकाच्या मूळ संस्कृत नाटकाच्या गद्य अनुवादाचा आहे की देवलांच्या संगीत नाटकाचा? पदे असतील तर ऑर्गन व तबल्याचा विचार आधी करावा लागेल. स्पीकर कोठे आहेत?

कृष्णाकाठ : होय, 'मृच्छकटिक'च. गद्य अनुवाद आहे, पदे नाहीत. दोन्ही स्पीकर रंगमंचाच्या पुढे आहेत आणि संवादही त्यांतूनच येतात.

पडद्यामागे : मग अडचण तेथेच आहे. संवाद व गडगडाट एकाच ठिकाणाहून आले तर कान त्यांना वेगळे करू शकत नाही. मागच्या पडद्याआड पातळ लोखंडी पत्रा दोरीने टांगा आणि खालची कड धरून हलवा; सुरुवात हळू करून झटका शेवटी द्या. वीज आधी चमकवा, गडगडाट नंतर येऊ द्या, आणि वादळ जवळ येईल तसे हे अंतर कमी करत न्या. विट (वसंतसेनेचा सोबती) आणि वसंतसेना मेघांचे वर्णन बोलूनच करतात, त्यामुळे पत्रा वाक्य संपल्यावरच वाजला पाहिजे.

मिरजवासी : तंतुवाद्यांसाठी नावाजलेली मिरज इतकी जवळ असताना ध्वनिमुद्रण कशाला? तानपुरा आणि सतार प्रत्यक्ष वाजवून मियाँमल्हार घ्यावा.

हरिपूरकर : मियाँमल्हाराचा संबंध तानसेनाशी, म्हणजे सोळाव्या शतकाशी जोडला जातो, शूद्रक त्याच्या कित्येक शतके आधीचा. तो राग येथे मला खटकतो.

मिरजवासी : आजच्या प्रेक्षकाला पाऊस मल्हारातच ऐकू येतो, आणि प्रयोग त्याच्यासाठीच आहे. शूद्रकाच्या काळचे गायन आपल्यापैकी कोणी ऐकले आहे?

नटेश्वर : तिसऱ्या अंकाकडेही लक्ष द्यावे. चारुदत्त रेभिल या गायकाचे गाणे ऐकून परततो आणि वीणेला समुद्रातून न निघालेले रत्न म्हणतो, तेथे वीणेचे मोजकेच स्वर हवेत. पुढे शर्विलक हा चोर भिंत फोडतो तेव्हा संगीत पूर्ण थांबवून माती ओरखडल्याचा आवाज तेवढा ठेवावा.

कृष्णाकाठ : तिसरा अंक बसला आहे, प्रश्न पाचव्याचा आहे. पत्रा आजच्या तालमीत लावून पाहतो. मात्र सभागृहाचे छप्परही पत्र्याचे आहे. प्रयोगाच्या वेळी खरा पाऊस आला तर काय करावे?

पडद्यामागे : हे आधी सांगायला हवे होते. तसे झाल्यास पावसाचे ध्वनिमुद्रण बंद ठेवा, पार्श्वसंगीतही गाळा आणि फक्त पत्रा वाजवा. वीज चमकवणारा दिवा आणि पत्रा यांना इशारा एकाच व्यक्तीने द्यायला हवा. ते काम आपल्याकडे कोण पाहणार आहे?