मदत हवी आहे: मतं लेखाला पडतात की ओळखीला?

मंडळी, नमस्कार. मी सोलापूरचा. लिहिण्याचे पैसे देणाऱ्या एका साइटवर सहा महिने लिहितोय. पद्धत २०२० मध्ये स्टीम या ब्लॉकचेनवरच्या लेखन-साइटपासून वेगळ्या झालेल्या हाइव्हसारखीच: सात दिवस मतं, मग मतांवर ठरलेल्या पैशांतले निम्मे लेखकाला, निम्मे मत देणाऱ्यांना. मताचं वजन खात्यात अडकवलेल्या टोकनांवर, म्हणजे साइटच्या डिजिटल नाण्यांवर. ज्याची थैली मोठी, त्याचं मत मोठं.

आमच्या जुन्या जॅकार्ड मागावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून चादरीत मोर कसा उतरतो, यावर मी लिहिलं. पप्पांना दोनदा माग थांबवायला लावून फोटो काढले (बोलणी खाल्ली ती वेगळीच). मिळाले सहा रुपये! त्याच दिवशी एकाचा चहाचा कप आणि ‘शुभ सकाळ’. त्याला चारशे. मतं पोस्ट पडताच मिनिटभरात, सगळी ऑटोव्होटची, म्हणजे आधीच लावून ठेवलेली, आपोआप पडणारी. वाचलं कुणी असेल?

आता त्या मतं देणाऱ्यांतलाच एक म्हणतो, ‘आमच्या ग्रुपात ये, तू आम्हाला दे, आम्ही तुला देतो.’ मन होत नाही, पण सहा रुपयांत शेंगा चटणीची पुडीही येत नाही ओ.

कुणी अशा ग्रुपात होतं का? नंतर डाउनव्होट (कमाई कमी करणारं विरोधी मत) बसून कमाई गेली का? आणि मराठी लेख खरोखर वाचून मत देणारे कुठे भेटतील?