डॉट इन मोकळं आहे, पण त्याच उच्चाराचा चहा बाजारात आहे. डोमेन घ्यावं का?

कांदालसूण:
कांदा-लसूण मसाला आणि गोडा मसाला ऑनलाइन विकायचा आहे. नाव तीन अक्षरी मराठी शब्द आहे, इथे उघड करत नाही. डॉट इन मोकळं, डॉट कॉम कुणीतरी अडवून ठेवलंय. त्याच उच्चाराचा चहाचा एक ब्रँड सापडला. त्यांच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू, आमच्यात व्ही. आमच्या कंपनीचं नाव मंजूर झालंय, उद्यम नोंदणीही आहे. चहा वेगळा, मसाला वेगळा. मग अडचण नाही ना?

कलम२९:
कंपनीच्या नावाची मंजुरी, उद्यम, जीएसटी यांतल्या कशानेही ट्रेडमार्कचा, म्हणजे ब्रँडच्या नावावरचा हक्क मिळत नाही. डोमेन मोकळं याचा अर्थ ते आज कुणाच्या नावावर नाही, बस्स.

स्पेलिंगवर तर मुळीच विसंबू नका. रेडिफने १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून 'रॅडिफ' डोमेन रोखलं, फरक एका अक्षराचा. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात याहूच्या दाव्यात 'याहूइंडिया' अडकलं. 'आमचा त्यांच्याशी संबंध नाही' ही सूचनाही कामी आली नाही. देवनागरीत डॉट भारत घेतलं तरी उच्चार तोच राहतो.

आयपी इंडिया या सरकारी ट्रेडमार्क संकेतस्थळाच्या सार्वजनिक शोधात आधी वर्डमार्क (नावातले शब्द) 'कंटेन्स' लावून बघा, मग फोनेटिक, म्हणजे उच्चारावरून. ट्रेडमार्कसाठी माल-सेवांचे क्रमांकित वर्ग असतात: मसाले वर्ग ३०, लोणची २९, ऑनलाइन दुकान ३५. आणि चहासुद्धा ३० मध्येच येतो! एखाद्या अर्जापुढे 'अबँडन्ड' (सोडून दिलेला) दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. अर्ज सुटला तरी माल बाजारात असेल तर पासिंग ऑफचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवल्याचा दावा होतो, त्याला नोंदणी लागत नाही. म्हणून इन्स्टाग्राम आणि किराणा विकणारी अ‍ॅपंही चाळा. अर्जातली 'कधीपासून वापर' ही तारीख टिपून ठेवा. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३४ मुळे जुना वापर नंतरच्या नोंदणीला भारी पडतो.

नावनोंदणी:
वर्ग एक म्हणजे खेळ संपला, असं मात्र नाही. कर्नाटक दूध महासंघाचं 'नंदिनी' आणि बंगळूरचं 'नंधिनी' रेस्टॉरंट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रेस्टॉरंटच्या बाजूने निकाल दिला. एकाच वर्गात असूनही माल वेगळा, चित्र वेगळं, आणि दोघांचाही वापर जुना.

कलम२९:
बरोबर, पण त्यातलं अर्धं बळ डोमेनला मिळत नाही. अ‍ॅड्रेस बारमध्ये लोगो नसतो, रंग नसतो. असतात ती फक्त अक्षरं. शिवाय इथे तुमचा जुना वापरही नाही. चहा आणि मसाला तर एकाच दुकानात, एकाच गिऱ्हाइकाला विकले जातात.

कांदालसूण:
समजा घेतलंच आणि त्यांनी तक्रार केली तर? आणि डॉट कॉम मागाहून विकत घेतलं तर?

सर्व्हरवाला:
डॉट इनची तक्रार निक्सीकडे, म्हणजे डॉट इन सांभाळणाऱ्या संस्थेकडे, तिच्या आयएनडीआरपी या डोमेन-वाद धोरणाखाली जाते. एकच लवाद असतो. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या: नाव फसवं साम्य असलेलं, तुमचा त्यावर वैध हक्क नाही, आणि नोंदणी किंवा वापर वाईट हेतूने. डॉट कॉमच्या यूडीआरपी या तशाच धोरणात नोंदणी 'आणि' वापर दोन्ही वाईट हेतूचे लागतात, म्हणजे डॉट इनवाला तुलनेने लवकर सापडतो. दोन्हीकडे डोमेन रद्द होतं किंवा त्यांच्याकडे जातं. नुकसानभरपाईसाठी त्यांना कोर्टात जावं लागेल.

डोमेन घेऊन नुसतं ठेवलं तर रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) बऱ्याचदा पार्किंग पानावर, म्हणजे रिकाम्या साइटच्या तात्पुरत्या पानावर जाहिराती टाकतो. तिथे चहाची जाहिरात आली तर ती तुमच्याच विरोधात पुरावा. ते बंद करा. नोटीस आलीच तर 'दोन लाख द्या, सोडतो' असं चुकूनही लिहू नका. खर्चापेक्षा जास्त मागणं हीच वाईट हेतूची खूण धरतात.

डॉट कॉम दुसऱ्याकडून घेतलंत तर तुमची नोंदणी खरेदीच्या दिवसापासून मोजली जाते. विक्रेत्याने ते कितीही आधी नोंदवलेलं असलं तरी ते वय तुमच्या कामाचं नाही. जुनं पान वेब अर्काइव्हवर (साइटच्या जुन्या प्रती जपणारं संकेतस्थळ) बघा. आधीच्या मालकाने काय विकलं ते कळेल.

नावनोंदणी:
ताई, खरं सांगायचं तर दुसरं नाव शोधा. पण 'कांदालसूणमसाला' छाप वर्णनाकडे वळू नका. अडवणार कुणी नाही, पण उद्या शेजाऱ्याने तेच वापरलं तर तुम्हीही अडवू शकणार नाही. मसाल्याशी संबंध नसलेला शब्द घ्या. शोध स्वच्छ निघाला की डोमेन आणि टीएम-ए (ट्रेडमार्क नोंदणीचा) अर्ज एकाच दिवशी. वैयक्तिक किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. उद्यमचा दाखला इथे उपयोगी पडेल. वर्ग ३० आधी, पैसे उरले तर ३५. नोंदणी होईपर्यंत पाकिटावर फक्त टीएम. गोलातलं आर (नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण) आधी छापलं तर कलम १०७ खाली दंड होऊ शकतो.