यादीतले पहिलेच नाव

निखिल: काल पाठवलेली ‘सैनिक असलेले लेखक’ ही यादी सर्वांनी पाहिली असेल. हेमिंग्वेचे नाव सर्वांत वर आहे, ते योग्यच वाटते.

अण्णा काका: निखिल, यादी चांगली आहे, पण तिचे पहिलेच नाव चुकले आहे. हेमिंग्वे पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होता हे खरे, मात्र तो रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकेचा चालक म्हणून गेला होता. ८ जुलै १९१८ रोजी तो जखमी झाला तेव्हा खंदकातल्या सैनिकांना चॉकलेट आणि सिगारेटी वाटत होता. त्याचे धाडस मी नाकारत नाही, पण त्याला सैनिक म्हणता येणार नाही.

आत्या: मग टॉल्स्टॉय तरी खरा सैनिक होता ना रे, अण्णा?

अण्णा काका: पक्का सैनिक. तो तोफखान्यात अधिकारी होता आणि क्रिमियाच्या युद्धात, १८५५ मध्ये, सेवास्तोपोलच्या चौथ्या बुरुजावर, म्हणजे अगदी धोक्याच्या जागी, त्याची नेमणूक झाली होती. वेढा चालू असतानाच तिथले त्याचे पहिले शब्दचित्र मासिकात छापून आले. ज्याच्या नाकात तोफेचा धूर गेला नाही, त्याने रणांगण लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वहिनी: अण्णा, तुमचे हे मत मला पटत नाही. ‘वॉर अँड पीस’मधल्या १८०५ आणि १८१२ च्या लढाया झाल्या तेव्हा टॉल्स्टॉयचा जन्मही झाला नव्हता. शिवाय स्टीफन क्रेनने एकही लढाई न पाहता अमेरिकी यादवी युद्धावरची कादंबरी १८९५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तो स्वतः युद्ध संपल्यानंतर सहा वर्षांनी जन्मला होता.

अण्णा काका: क्रेनचा मुद्दा मान्य, तेवढा शब्द मी मागे घेतो. पण ‘वॉर अँड पीस’मधला कॅप्टन तुशिन आठवून पाहा. भोवती माणसे पडत असताना तो स्वतःच्या तोफेला लाडाने नावाने हाक मारतो आणि शत्रूच्या तोफांमधून निघणारा धूर पाहून त्याला वाटते की तिकडे कोणीतरी पाइप ओढत बसले आहे. लढाई इतिहासातली असली तरी हा धूर टॉल्स्टॉयने सेवास्तोपोलहूनच आणला असावा.

निखिल: काका, मग कर्ट व्हॉनेगट या अमेरिकी सैनिक-लेखकाला इतकी वर्षे का लागली? फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर बाँबवर्षाव झाला तेव्हा तो जर्मनांच्या कैदेत होता, कत्तलखान्याच्या तळघरात राहिल्यामुळे वाचला, आणि नंतर ढिगाऱ्यांतून प्रेते काढण्याचे काम त्याच्याकडून करून घेण्यात आले. त्यावरची कादंबरी मात्र १९६९ मध्ये आली.

वहिनी: लिहायला बसत होता, पण जमत नव्हते, हे त्याने कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात सांगून टाकले आहे. टॉल्स्टॉयला जे वेढ्यात बसून साधले, त्यासाठी याला चोवीस वर्षे लागली, म्हणून मी तरी याबाबत नियम करायला जाणार नाही.

आत्या: मला ऑर्वेल अधिक जवळचा वाटतो. स्पेनच्या यादवी युद्धात, मे १९३७ मध्ये, पहाटे खंदकात बोलत उभा असताना त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. गळ्यात गोळी लागूनही वाचलास, म्हणजे नशीबवान आहेस, असे जो तो त्याला सांगू लागला, तेव्हा त्याच्या मनात आले की गोळी लागलीच नसती तर नशीब याहून चांगले म्हणता आले असते! हे वाचताना मी हसले, आणि मग हसल्याचे वाईटही वाटले.

निखिल: ठीक आहे, हेमिंग्वेच्या जागी ऑर्वेलचे नाव घालतो. इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेनही यादीत नाही, त्याचेही घालू का?

अण्णा काका: अवश्य घाल. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे युद्धविरामाच्या बरोबर एक आठवडा आधी, फ्रान्समध्ये कालवा ओलांडताना तो मारला गेला, आणि शांततेच्या घंटा वाजत होत्या त्याच दिवशी तार त्याच्या आईवडिलांच्या दारात आली.

वहिनी: नावापुढे वयही लिही, निखिल. २५ वर्षे.